मनातले मांडे आणि खापरावरचे मांडे

या सदराला आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावाचा, वय ३१, बी.कॉम. रोज गाडीने जळगावला अपडाऊन करतो, एका एजन्सीत अकाउंट्स बघतो, पगार १७ हजार. लॉकडाऊनमध्ये आईचा खांदा धरला तेव्हा तिच्याकडून खापरावरचे मांडे (पालथ्या खापरावर भाजायच्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्या) शिकलो आणि आता माझा मांडा तिच्यापेक्षा मोठा पसरतो असं तीच म्हणते. जळगावात मांड्यांचा काउंटर टाकायचं तीन वर्षांपासून डोक्यात आहे. वहीत सगळं लिहिलंय, नाव ठरलंय, लोगो करून घेतलाय, इन्स्टावर पेज उघडलंय पण एकही पोस्ट टाकलेली नाही. आधी वाटतं दिवाळीनंतर करू, मग वाटतं आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) करू. वडील म्हणतात तुले शिकाडं कसाले, बायास्नं काम शे ते (तुला शिकवलं कशाला, बायकांचं काम आहे ते). मित्र हसतील. लग्नाचं बघणं चालू आहे, नोकरी सोडली तर स्थळं येणं बंद होईल. रात्री पक्कं ठरवतो आणि सकाळी गाडीत बसलं की छातीत धडधडायला लागतं. ही भीती कशी घालवू? – घाबरट"

भाऊ,

तुझं पत्र वाचून मला आधी भूक लागली आणि मग राग आला. राग तुझ्यावर नाही, त्या वहीवर. मनातले मांडे खाणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, पण तो इतका शब्दशः जगणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला.

भीती कशी घालवू असं विचारलंयस, तर ते मला येत नाही. माझी स्वतःचीच गेलेली नाही, हे सदर लिहून पाठवताना अजूनही पोटात गोळा येतो. आणि एकदा तर माझ्यात अजिबात भीती नव्हती, तेव्हा काय झालं ते सांगते. २००९ साली मी जळगावात एका गल्लीत ड्रेस मटेरियलचं दुकान टाकलं. भिशी उचलली, डिपॉझिट भरलं, फर्निचर केलं, काचेचा दरवाजा बसवला, सुरतहून माल आणला, आणि हे सगळं एकही पीस आधी कुणाला विकून न बघता! घरचे विचारायचे, चालेल ना गं? मी म्हणायचे, न चालायला काय झालं. नऊ महिन्यांत शटर खाली आलं. भिशीचे हप्ते त्यानंतर दीड वर्ष भरत होते. म्हणून 'बिनधास्त उडी मार' म्हणणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही, तू पण ठेवू नकोस. तुझी भीती काहीतरी सांगतेय, फक्त ती सगळं एका दमात ओरडून सांगतेय म्हणून तुला कळत नाहीये.

तर गाठोडं सोडून बघू.

पहिली भीती पैशाची. ही सगळ्यात सोपी, कारण मोजता येते आणि तू तर अकाउंट्सवाला आहेस, दुसऱ्याची पै-पै जुळवतोस. तीन वर्षांत तू लोगो केलास पण एका मांड्याचा खर्च काढलास का? पत्रात तो आकडा कुठेच नाही म्हणून विचारते. गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची, तेल-तूप, सरपण नाहीतर गॅस, डबा, गाडीभाडं, आणि हो, आईच्या हाताची मजुरी. ती बहुतेक जण धरत नाहीत आणि मग म्हणतात धंदा फायद्यात आहे. आज रात्री बसून हा आकडा काढ. काढल्याशिवाय हे पत्र पुढे वाचू नकोस असं म्हणणार होते, पण तू वाचणारच.

दुसरी लग्नाची. याला मी हसणार नाही. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, तिशी उलटलेली पोरं घरोघरी आहेत आणि पहिला प्रश्न मुलगा कामाला कुठे हाच असतो. मुलीच्या बापाचं पण चुकत नाही, त्याला महिन्याच्या महिन्याला काहीतरी येताना दिसायला हवं. म्हणून नोकरी सोडायचं आत्ता नावच काढायचं नाही. गंमत म्हणजे तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात मांडे करायचे म्हणजे नोकरी सोडायची हे तू धरूनच चाललायस. कुणी सांगितलं तुला? रविवार कुणाच्या बापाचा आहे? बघायला गेलास की सरळ सांगायचं, नोकरी आहे आणि रविवारी स्वतःचा धंदा उभा करतोय, मांड्यांचा. लपवून ठेवायचं नाही, लग्नानंतर कळलं तर ते वाईट. आणि ते ऐकून एखादीने नाक मुरडलं तर बरंच झालं म्हणायचं, तिच्याच हातची वाईट भाकरी आयुष्यभर खाण्यापेक्षा. (हे वाक्य काढ असं माझी मुलगी म्हणतेय, मी ठेवतेय.)

तिसरी, लोके काय म्हनतीन. माझं दुकान बंद पडल्यावर मी दोन वर्षं त्या गल्लीतून गेले नाही. भाजीला जायचं तर लांबून वळसा घालायचे, उन्हात, मे महिन्यात, जळगावचं ऊन तुला माहीतच आहे. वाटायचं त्या गल्लीतला प्रत्येक माणूस मला बघून मनात हसतोय. मग एक दिवस फुले मार्केटात गल्लीच्या तोंडावरचा झेरॉक्सवाला भेटला आणि म्हणाला, "काय ताई, मोबाईलचं दुकान मस्त चाललंय तुमचं!" माझ्या जागेवर नंतर कुणीतरी मोबाईलचं दुकान टाकलं होतं आणि याला वाटत होतं मीच धंदा बदलला. दोन वर्षांचा वळसा घातला भाऊ मी, अशा माणसासाठी!

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यावर प्रयोग पण झालाय, २००० साली छापून आला, गिलोविच नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी. पोरांना एका गायकाचं भलंमोठं तोंड छापलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालायला लावला आणि भरल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? पोरं म्हणाली निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात आलं होतं पाव जणांच्याच.

आता तू म्हणशील ताई ते अमेरिकेतलं, आमच्या गावात पारावर बसलेल्यांना शेजारच्या गावची सून कधी माहेरी गेली ते पण माहीत असतं. बरोबर आहे. गावात बोलतील. बी.कॉम. पोरगा मांडे थापतोय म्हणून दोन-चार दिवस टवाळी होणारच, ती होणार नाही असं खोटं मी सांगणार नाही. पण पाऊस लांबला, कापसाचा भाव पडला, कुणाचं पोरगं पळून गेलं की विषय बदलतो. पाराला रोज नवीन माल लागतो, तुझ्यावर तो किती दिवस काढणार?

मित्रांचं पण तेच. आणि बायकांचं काम म्हणशील तर लग्नात हजार पानांचा स्वयंपाक करणारे आचारी कोण असतात रे? गडी माणसंच ना? तिथे कुणाला काही वाटत नाही कारण तिथे पैसे मोजलेले दिसतात.

आता चौथी. ही तू पत्रात लिहिलेली नाहीस, मला वाटतं स्वतःलाही सांगितलेली नाहीस. मांडे खरंच विकायला गेलो आणि लोकांना ते साधेच वाटले तर? आई म्हणते म्हणून भारी, पण पैसे देऊन खाणाऱ्याने अर्धा ठेवला तर? वहीतला मांडा कधी फाटत नाही. त्याचं पुरण कधी आंबत नाही, तो कुणी परत करत नाही. तीन वर्षं तू भीतीमुळे थांबलायस असं तुला वाटतं, मला वाटतं तू त्या स्वप्नाची राखण करतोयस. ते बाहेर काढलं आणि मोडलं तर मग रोजच्या गाडीत खिडकीतून बघत विचार कशाचा करायचा? धरणगाव ते पाळधी वेळ कसा काढायचा? असं होतं, माझंही झालंय, म्हणून ओळखलं.

आणि एक चक्र समजून घे. रात्री ठरवतोस, सकाळी धडधडतं, मग म्हणतोस आखाजीनंतर बघू, आणि त्या क्षणी कसं हलकं वाटतं, वाटतं ना? ते हलकं वाटणं हाच सगळा घोळ आहे. पुढे ढकललं की आराम मिळतो, म्हणून मन शिकतं की ढकलणं बरं, पुढच्या वेळी धडधड आणखी लवकर सुरू होते. भीतीवर उपचार करणारे लोक नेमकं याच्या उलटं करायला लावतात, ज्याची भीती आहे त्याला थोडं थोडं सामोरं जायचं, पळून न जाता तिथेच थांबायचं, मग शरीराला हळूहळू कळतं की आपण मेलो नाही. थोडं थोडं, एकदम नाही. एकदम म्हणजे माझा काचेचा दरवाजा.

तुला हे मी काय शिकवणार, तुझ्या हाताला हे आधीच येतं. आठव, आईने पहिल्यांदा तुला पसरायला दिलं तेव्हा काय झालं असेल. रात्री ओलवून ठेवलेला गहू, दुसऱ्या दिवशी दळून कपड्यातून गाळलेलं पीठ, ते तिंबून तिंबून इतकं सैल केलेलं की बोटाला लोंबतं, पुरण भरलेला तो गोळा दोन्ही हातांवर घेऊन फिरवायला लागलास आणि मनगटापाशीच भोक पडलं असणार. दुसरा पसरला असेल पण खापरावर टाकताना घडी पडली. तिसरा जळला. माझ्या आजीने तर मला पहिल्या दिवशी पुरण दिलंच नाही, नुसत्या पिठावर हात बसवायला लावला, म्हणायची पुरण वाया घालवायचं नाही, फाटायचं ते आधी रिकामं फाटू दे. आणि तो क्षण, कोपरापर्यंत आलेला मांडा खाली पालथ्या तापलेल्या खापरावर सोडायचा, वाफ तोंडावर येते, पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यात जातो, तिथे जरा जरी थांबलास की मांडा आपल्याच वजनाने हातावर फाटतो. तू तिथे आता थांबत नाहीस. थांबायचं कधी बंद केलंस? आधी भीती गेली म्हणून? पन्नास-शंभर मांडे टाकून झाल्यावर कधीतरी लक्षात आलं असेल की अरे, आज धडधडलं नाही.

तर आजीच्या हिशोबाने, आधी रिकामं फाटू दे. येत्या दोन रविवारांसाठी फक्त वीस मांडे. काउंटर नाही, पेज नाही, लोगो तर नाहीच. आधी ऑर्डर, मग गहू ओलवायचा. गाडीत पत्ते कुटणारा तुझा अपडाऊनचा ग्रुप असेलच, ऑफिसची मंडळी असतील, त्यांना विचारायचं. विचारताना तोंड कोरडं पडणार म्हणून वाक्य आधीच पाठ करून ठेव: "रविवारी मांडे करतोय, ७० रुपयाला एक, तुमचे किती लिहू?" (७० मी माझ्या मनाने म्हटलं, तुझा आकडा निघेल तो लाव.) एवढंच बोलायचं आणि गप्प बसायचं. 'सहजच', 'बघा म्हणजे जमलं तर', 'आईला हौस आहे म्हणून' असलं एक अक्षर पुढे जोडायचं नाही. गप्प बसणं जड जाईल, तेव्हा श्वास हळूहळू बाहेर सोड, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून, धडधड थोडी खाली येते.

आणि फुकट द्यायचे नाहीत. एकालाही नाही, सख्ख्या मामालाही नाही. फुकट खाणारा माणूस खरं बोलत नाही, तो म्हणतो एक नंबर, आणि विषय संपतो. पैसे मोजणाऱ्याने पुढच्या रविवारी परत विचारलं तर तेवढंच खरं मार्कशीट. वीसपैकी सहा-सात जणांनी स्वतःहून परत मागितले तर पुढे जा. कुणीच विचारलं नाही तर एकेकाला पकडून विचार काय कमी होतं, गोड कमी होतं, गार झाल्यावर वातड झाले, महाग वाटले? वाईट वाटेल. वाटू दे, वीस मांड्यांपुरतंच वाटेल, डिपॉझिट बुडाल्यासारखं नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. उन्हाळ्यात पुरण धीर धरत नाही, म्हणून त्याच दिवशी केलेलं त्याच दिवशी पोचलं पाहिजे, उरलेलं सोमवारी ऑफिसात न्यायचं नाही. कायम विकायचं ठरलं तर फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन करून घे, छोट्या धंद्यासाठीचं साधं रजिस्ट्रेशन पुरतं, ऑनलाइन होतं, लोक उगाच एजंटला हजारो देतात. कर्जाच्या नादी आत्ता लागू नकोस. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये केंद्राची योजना आली होती, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, गावात कुणीतरी तुला हमखास सांगेल, पण असलं अनुदान कर्जाला जोडलेलं असतं आणि कर्ज फेडायचं तूच असतोस. त्याच्याऐवजी आई बचत गटात आहे का बघ. गटांची प्रदर्शनं भरतात, तिथे दोन-तीन दिवसांचा स्टॉल मिळाला की गरम खापरासमोर उभं राहून लोकांच्या डोळ्यांदेखत मांडे टाकायचा अनुभव मिळेल, आणि तोच तर तुझा खरा काउंटर आहे ना! तिथे मांडा फाटणार, चार लोकं बघत असताना फाटणार. फाटला की आपल्या ताटात टाकायचा, हसायचं, पुढचा गोळा घ्यायचा.

अमळनेरचा आहेस म्हणून कुणीतरी तुला विप्रोचं उदाहरण देईल, १९४५ साली आपल्या अमळनेरातच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली आणि कुठे पोचली बघ वगैरे. ऐकून घे, चहा पी आणि विसर. वीस मांड्यांवर एवढं ओझं टाकायचं नसतं.

वडिलांचं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आत्ता तुझ्याकडे वाद घालायला काही नाहीच, नुसती वही आहे. बायास्नं काम शे म्हणतात त्यांच्या मागे मला वाटतं वेगळंच असावं, पोरगं शिकून खुर्चीत बसलं हे त्यांनी गावात मान वर करून सांगितलेलं असणार, ते खाली घ्यावं लागेल याची त्यांनाही भीतीच आहे, तुझ्यासारखीच. दोन रविवार झाले की हिशोबाचा कागद त्यांच्यासमोर ठेव. पैशाचा कागद बापलोक लक्ष देऊन वाचतात. आणि सरपण आणायचं काम त्यांना सांग, सांगून बघ, नाही म्हणाले तरी दुसऱ्या रविवारी चुलीजवळ येऊन जाळ सारखा करतील, मी अशी माणसं बघितलीत.

आईला मात्र आधी विचार. तिचा खांदा, तिचा रविवार. तू गृहीत धरलंयस की ती आहेच. तिला वीसमधले किती झेपतील, पैसे किती हवेत, हे तिच्या तोंडून ऐक. आणि ते पैसे तिच्या हातात दे, घरखर्चात नाही.

अजून एक, धडधड नुसती या विषयापुरती न राहता झोपच उडाली असेल, गाडीत बसलं की श्वास कोंडत असेल, जेवण जात नसेल, तर मग मांड्यांचा सल्ला पुरणार नाही, डॉक्टरला दाखव. नाहीतर सरकारची टेलिमानस म्हणून मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, खांद्याला दाखवतोच ना आपण.

आता कामाचं बोलू. आखाजीला माझ्या दोन्ही मुली माहेरी येतायत, आंबे मी आणणार, रस मी काढणार, पण माझ्या हातावर आता मांडा पसरत नाही, मनगट दुखतं. त्याच्या आदल्या रविवारी मला सहा मांडे पाहिजेत, जळगाव स्टेशनला मी घ्यायला येते. भाव तू सांग. आणि सोबत तो खर्चाचा आकडा लिहिलेला कागद आण, मी बघणार आहे मजुरी धरलीय की नाही.

– ताई